ब्रुसेल्सचा बोसेंगे

आनाक्ले बोसेंगे मला कधी आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारीनं मनात एक ठेवून तोंडानं दुसरंच सांगितलं.

त्याचं दुकान माझ्या अंगणाच्या भिंतीला चिकटून होतं. दुकान कसलं, वर पत्रा, खाली लांब टेबल, टेबलावर चौपदरी घोंगडी आणि कोळशाच्या दोन इस्त्र्या. आमच्या किन्शासातल्या माटोंगे वस्तीत विजेच्या भरवशावर धंदा करणारा उपाशी मरतो, म्हणून कोळसाच. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. इस्त्री करावी तर त्यानं. कसाव्याच्या कंदाची खळ तो स्वतः शिजवायचा, आणि त्यानं खळ दिलेली कॉलर अशी ताठ राहायची की आतल्या माणसाला मान खाली घालायची सोय नसायची. पँटची घडी तर चाकूसारखी. एवढा गुण हातात असताना माणसानं खाऊन पिऊन सुखानं राहावं. पण ह्याला नाव पाहिजे होतं.

मी अंगणात बिअर विकते, शेगडीवर बकऱ्याचं मांस आणि पानात गुंडाळलेले मासे भाजते. मला सगळे मामां म्हणतात, मामां बोलुंबू. मला मूलबाळ नाही, पण किन्शासात चाळिशी ओलांडलेली बाई सगळ्यांची आईच होते, तिची इच्छा असो नसो. माझा नवरा जुन्या ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन वाजवायचा. तेव्हाची रुंबा सावकाश चालायची. गाण्यात एखादी बाई नदीपलीकडे निघून गेलेली असायची आणि गाणारा तिला शेवटचं काही विचारत असायचा. नाचणारी जोडपी गाणं संपेपर्यंत एकमेकांशी बोलायची नाहीत, कारण गाणंच त्यांच्या वतीनं बोलत असायचं. नवरा गेला, अंगण माझ्याकडे राहिलं, आणि त्याच अंगणात नव्या पोरांचा ‘मोपेपे’ ऑर्केस्ट्रा दुपारच्या तालमीला यायला लागला. मी येऊ दिलं, कारण तालमीला बघे येतात आणि बघ्यांना तहान लागते. तेव्हा मीसुद्धा काही धुतल्या तांदळाची नाही.

नव्या गाण्यात प्रेम चार मिनिटांत आटोपतं. मग गिटारी पळायला लागतात, ढोल अंगावर येतो आणि एक माणूस माइक धरून ओरडत सुटतो. कंबर इकडे, गुडघे तिकडे, आता बसा, आता उठा, आणि मधेमधे नावं. हिऱ्याचा अमका व्यापारी, कस्टममधले तमके साहेब, अँटवर्पची कोणी श्रीमंत बाई. ज्यानं हात ढिला सोडला त्याचं नाव. याला आमच्याकडे दगड फेकणं म्हणतात. ज्याच्या नावाचा दगड लांब गेला तो मोठा. मोपेपेत हे ओरडण्याचं काम सिफ्लेकडे होतं. सिफ्ले म्हणजे शिट्टी. खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसावं.

तालीम चालू असली की बोसेंगे हातातली इस्त्री तिवईवर ठेवून भिंतीशी उभा राहायचा. लोक गिटार ऐकतात, हा नावं ऐकायचा. मला येऊन सांगायचा, आज सिफ्लेनं बत्तीस नावं घेतली, त्यात चार नवीन.

एके दिवशी त्यानं मला विचारलं, “मामां, गाण्यात नाव यायला काय लागतं?”

“ओळख आणि खिसा.”

“दोन्ही नसेल तर?”

“तर कान. ऐकायचं आणि गप्प बसायचं.”

तो गप्प बसला असता तर मला हे सगळं सांगायची वेळ आली नसती.

त्याच आठवड्यात सिफ्ले मोहरीच्या रंगाचा एक सूट घेऊन त्याच्याकडे आला. परदेशातून कोणाकडून तरी आणवलेला, किमती, आणि पाठीवर पार चुरगळलेला. भिंत कमरेएवढीच होती, मला सगळं ऐकू येत होतं.

“याया आनाक्ले,” सिफ्ले म्हणाला. याया म्हणजे थोरला भाऊ, आणि काही फुकटात हवं असलं की सिफ्लेला रस्त्यावरचा कुत्राही थोरला भाऊ वाटायचा. “उद्या टीव्हीवर जायचंय. तुमच्याशिवाय कोण आहे मला?”

बोसेंगेनं सूट टेबलावर पसरला, हात फिरवून बघितला. म्हणाला, “वर्षभर तुमच्या अख्ख्या ऑर्केस्ट्राचे कपडे मी करीन. काही घेणार नाही. नव्या गाण्यात माझं नाव टाक.”

सिफ्लेनं हसू दाबलं, ते मला दिसलं. “काय म्हणू? आनाक्ले बोसेंगे, इस्त्रीचा राजा?”

“राजा नको. नुसतं ‘आनाक्ले बोसेंगे, माटोंगेचा इस्त्रीवाला’. लोकांना कळलं पाहिजे कुठला ते.”

“झालंच समजा, याया.”

झालं. सतरा माणसांचा ऑर्केस्ट्रा, त्यात सहा नाचणाऱ्या पोरी. त्यांचे झगे हातरुमालाएवढे, पण त्यांनाही चुण्या. कोट, जाकिटं, पायघोळ पँटी, रेशमी शर्ट. सकाळपासून हा माणूस घाम गाळत फुकटचे कपडे करायचा आणि पैसे देणारी गिऱ्हाइकं दारात ताटकळायची. हळूहळू ती पुढच्या गल्लीत जाऊ लागली.

त्याची बायको मादो. पाणी तीच भरायची, कोळसा तीच आणायची, धुणं तीच धुवायची, आणि नाव ह्याला पाहिजे होतं. ती एकदा माझ्या शेगडीपाशी येऊन बसली, म्हणाली, “मामां, माझ्या दोन्ही पोरी चुरगळलेल्या गणवेशात शाळेत जातात. बाईंनी विचारलं, तुझे बाबा काय करतात. थोरलीनं सांगितलं, माहीत नाही.”

“तू त्याला बोलत का नाहीस?”

“बोलते की. तो म्हणतो, एकदा नाव आलं की गिऱ्हाईक आपोआप येईल, रांग लागेल. मी म्हटलं, रांग आधीच होती, ती तू घालवलीस.”

“मग?”

“मग काय, त्यानं माझ्याकडे बघून कॉलरवर पाणी शिंपडलं.”

वर्ष संपता संपता गाणं तयार झालं. शनिवारी दुपारी सिफ्ले कॅसेट घेऊन अंगणात आला. ऑर्केस्ट्राचा मालक लोंगांगी होता, गिटारवाले होते, नाचणाऱ्या पोरी होत्या. बोसेंगे पांढरा शर्ट घालून आला होता. असा शर्ट त्यानं लग्नातही घातला नसेल. मादोला आणि पोरींनाही पुढे बसवलं होतं. मी कॅसेट लावली. गाणं सतरा मिनिटांचं. प्रेम झालं, गिटारी सुटल्या, नावं सुरू झाली. सातवं मिनिट, आठवं. हा खुर्चीच्या कडेला आलेला. अकराव्या मिनिटाला सिफ्लेचा आवाज चढला:

“बोसेंगे, बोसेंगे, ब्रुसेल्सचा बोसेंगे, बर्फातला हत्ती.”

आणि ढोल असा कोसळला की अंगणातल्या सगळ्यांचे पाय आपोआप हलले. माझेही हलले, खोटं कशाला सांगू. तो तुकडा जमला होता, त्यात वाद नाही.

गाणं संपल्यावर बोसेंगे उठला नाही. बाकीचे टाळ्या पिटत दाराबाहेर पांगल्यावर मादो उठली. सिफ्लेसमोर उभी राहून म्हणाली, “ब्रुसेल्सचा कोण?”

“मामां मादो, ऐका तर,” सिफ्ले म्हणाला. “स्टुडिओत मी ‘माटोंगेचा इस्त्रीवाला’ म्हणून बघितलं. तीन वेळा म्हटलं. ढोल बसेना. लोक नाचता नाचता थांबतील, आपले कपडे बघायला लागतील. ब्रुसेल्स म्हटलं आणि गाणं उडालं. नाव तर तेच आहे ना?”

मला वाटलं आता तरी हा माणूस इस्त्री उचलून त्याच्या डोक्यात घालील. बोसेंगे माझ्याकडे वळला, म्हणाला, “मामां, ते परत लावता? अकरावं मिनिट.”

मी लावलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं. मग बायकोला हळूच म्हणाला, “हत्ती म्हणाला.”

त्या क्षणी मी त्याच्यावर पाणी सोडलं.

त्या वर्षी ते गाणं शहरभर पसरलं. शेअर टॅक्सीत तेच, लग्नात तेच, मयताच्या मांडवात तेच. केस विंचरताना बायका गुणगुणायच्या, फुटबॉलच्या मैदानात गोल झाला की पोरं ‘बर्फातला हत्ती’ ओरडत, उठत बसत नाचायची. ब्रुसेल्सचा बोसेंगे कोण यावर लोक पैजा लावायचे. कोणी म्हणायचा तो जहाजांचा मालक आहे, कोणी म्हणायचा त्याला तीन गोऱ्या बायका आहेत.

आणि हा सांगत सुटायचा, तो मी. आधी गिऱ्हाइकांना सांगितलं, मग बाजारात, मग टॅक्सीत. खिशात ओळखपत्र ठेवायचा, नाव दाखवायला. बाजारात वाळलेले मासे विकणारी एक बाई आहे, तोंडानं पहिल्यापासून फाटकी. तिनं कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि परत देत म्हणाली, “बरं बाबा, तू बोसेंगे. मग मी बेल्जियमची राणी. आता राणीकडून मासे घेणार, की नुसता उभा राहून वास घेणार?” आख्खी रांग हसली. हाही हसला. दुसऱ्या दिवशी परत कार्ड घेऊन गेलाच.

दुसऱ्या गाण्याच्या वेळी तो पुन्हा सिफ्लेकडे गेला. म्हणाला, या वेळी तेवढं माटोंगे म्हण.

“आता कसं म्हणू, याया?” सिफ्ले म्हणाला. “आता लोक त्याला ओळखतात. आता बदललं तर म्हणतील दुसराच कोणी आला, खरा कुठे गेला.”

हे ऐकूनही ह्यानं आणखी वर्षभर त्यांचे कपडे केले. माटोंगे नाही तर नाही, नाव तरी राहील, म्हणून. त्या दुसऱ्या गाण्यात बोसेंगे ब्रुसेल्सहून पॅरिसला गेला आणि तिथे त्यानं एक पूल विकत घेतला. मी बोसेंगेला म्हटलं, “अभिनंदन. पुलाला इस्त्री कधी करायची?” तो म्हणाला, “मामां, तुम्हाला गंमत वाटते.” मला गंमत वाटत नव्हती. किळस वाटत होती.

मग तो जाड्या आला.

कोरड्या ऋतूचे दिवस होते. तालीम चालू असताना दारात गाडी थांबली आणि आतून एक गुबगुबीत माणूस उतरला. अंगात गुडघ्यापर्यंत लोकरी कोट. किन्शासात लोकरी कोट. गळ्यावरून घामाचे ओघळ आणि तोंडावर मात्र असं हसू, जणू गारवा त्यानं बरोबर आणला आहे. तो सरळ लोंगांगीपाशी गेला, म्हणाला, “तुम्ही मला इतकी वर्षं आवाज देत होतात. म्हटलं, जाऊन ओ द्यावी. मी बोसेंगे.”

गिटारी थांबल्या. लोंगांगी खुर्चीतून असा उठला की खुर्ची मागे पडली. मी सिफ्लेकडे बघितलं. तिथे जमलेल्यांत हा माणूस खोटा आहे हे दोघांनाच पक्कं ठाऊक होतं, सिफ्लेला आणि मला. सिफ्लेनंही माझ्याकडे बघितलं. मग तो पुढे झाला आणि त्या जाड्यापुढे एक गुडघा टेकून म्हणाला, “हत्ती, आम्ही वाट बघून थकलो होतो.”

रात्री नव्हे, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. नंतर मी त्याला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, “मामां, मी नाव घेतलं आणि माणूस आला. यात खोटं काय? आणि तो आम्हाला ब्रुसेल्सला नेतोय, बारा ठिकाणी कार्यक्रम. तुम्ही जरा शेगडीकडे बघा.”

जाड्या रोज यायला लागला. मांस खायचा, बिअर प्यायचा, नाचणाऱ्या पोरींना लेकी म्हणायचा. तिसऱ्या दिवशी मांसाची चरबी त्याच्या कोटावर सांडली. कोणीतरी भिंतीपलीकडे बोट दाखवलं आणि जाड्या स्वतः कोट घेऊन तिकडे गेला.

मी हात पुसून भिंतीशी जाईपर्यंत तो परतला होता. बोसेंगे कोटावर ओला कपडा अंथरून सावकाश वाफ देत होता. मादो नदीकडच्या बाजारात गेलेली होती.

मी म्हटलं, “आनाक्ले, हा कोट कोणाचा आहे माहीत आहे?”

“माहीत आहे. त्यांनी नाव सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“बोसेंगे म्हणून सांगितलं.”

“आणि तू काय म्हणालास?”

त्यानं इस्त्रीत नवा कोळसा घातला, फुंकर मारली. “म्हटलं, भेटून आनंद झाला.”

मी हात पुसायचं फडकं भिंतीवर आपटलं. म्हटलं, “अरे, तोंड आहे ना तुला? अंगणात चल, कार्ड दाखव, सिफ्लेची मान धर. मी साक्ष देते.”

त्यानं कोटावरून हात फिरवला. मग म्हणाला, “मामां, तुम्ही त्यांना चालताना बघितलंत? त्यांना ते नाव शोभतं हो.”

मादोला संध्याकाळी कळलं. ती पदराची गाठ मारतात तसं कमरेचं कापड घट्ट खोचून अंगणात शिरली आणि त्या जाड्याला तोंडावर चोर म्हणाली. हा धावत मागून आला. बायकोचा हात धरून तिला बाहेर ओढत नेलं, आणि जाता जाता त्या जाड्याला म्हणाला, “माफ करा, तिला ताप आहे.” जाड्यानं उदारपणे हात हलवला. म्हणाला, “घरी औषध द्या तिला.”

पुढे काय झालं असेल हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. सहा नाचणाऱ्या पोरींचे पासपोर्ट, फोटो आणि प्रवासासाठी घरच्यांनी जमवलेलं सगळं जाड्याकडे जमा झालं, आणि एका सोमवारी जाड्या दिसेनासा झाला. पोरींच्या आया रडत, शिव्या देत पोलीस चौकीवर गेल्या. तक्रार लिहिली गेली ती बोसेंगेच्या नावावर. पोलिसांनी नाव शोधलं आणि चार पावलांवर त्यांना ते सापडलं. बुधवारी दोन शिपाई आले. बोसेंगेला इस्त्री तिवईवर ठेवायलाही वेळ दिला नाही. शर्ट जळाला एका शिक्षकाचा.

मी आणि मादो मागोमाग चौकीवर गेलो. अधिकारी तरणा होता, ढेरी नुकती सुटायला लागलेली. कागदावर नाव लिहून झालं आणि त्यानं मान वर केली. त्याचा आवाज बदलला, म्हणाला, “बोसेंगे. गाण्यातला बोसेंगे तूच?”

एवढंच म्हणायचं होतं: साहेब, मी इस्त्रीवाला आहे, तो माणूस वेगळा. मी दाराशी होते, मादो माझ्या शेजारी. ती मान हलवून त्याला खुणावत होती, नाही म्हण, नाही म्हण. बोसेंगे सरळ उभा राहिला. मी त्याला इतका सरळ कधी पाहिला नव्हता.

“हो,” तो म्हणाला. “गाण्यातला मीच.”

मादोनं तिथेच भिंतीला टेकून बसकण मारली.

अधिकाऱ्यानं त्याला आत टाकलं. जाताना शिपायांनी ढोलाचा तो तुकडा तोंडानं वाजवला. आम्ही दोघी बाहेर आलो तेव्हा मी म्हटलं, “मादो, याला सडू दे. अशा माणसासाठी पाय झिजवू नकोस.”  दुसऱ्या दिवसापासून ती रोज कसाव्याचा पाला आणि भाकरीसारखी घट्ट चिक्वांग घेऊन चौकीवर जायला लागली. तिच्याकडून कळत होतं ते असं, की शिपाई येता जाता त्याला ‘हत्ती’ म्हणून हाक मारतात, आणि तो त्यांच्या गणवेशांना इस्त्री करतो. अकरा दिवस. चौकीवरचे शिपाई इतके रुबाबदार ना आधी दिसले होते ना नंतर.

शेवटी मादोनं दोन माणसं गोळा केली. एक नाचणारी पोरगी, बिबिशा, जिचा पासपोर्ट गेला होता. आणि दुसरा सिफ्ले. त्याला तिनं बाजाराच्या मधोमध शर्टाला धरून ओढत आणला. मलाही बोलावलं. मी गेले, फक्त मादोसाठी.

बिबिशानं बोसेंगेकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “हा नव्हे. तो जाडा होता. हे तर आमचे कपडे करतात.”

अधिकारी चिडला. बोसेंगेला म्हणाला, “मग अकरा दिवस माझा वेळ का खाल्लास? मी विचारलं तेव्हा हो का म्हणालास?”

“साहेब, तुम्ही ‘चोर आहेस का’ असं विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलं, गाण्यातला तूच का. गाण्यातला मीच आहे. यांना विचारा.” आणि त्यानं सिफ्लेकडे बोट केलं.

खोलीत सगळे सिफ्लेकडे बघायला लागले. खरं बोलायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. पण तिसरं गाणं त्या वेळी स्टुडिओत होतं, आणि ब्रुसेल्सचा बोसेंगे म्हणजे भिंतीपलीकडचा इस्त्रीवाला हे बाहेर पडलं असतं तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या शहरानं मोपेपेची टर उडवली असती. सिफ्लेनं कॉलर सारखी केली. ती कॉलरही बोसेंगेनंच केलेली.

“मी नावं घेतो, साहेब,” तो म्हणाला. “नावं तोंडात येतात. कोणा एकाचं असं नसतं. या गृहस्थांना मी फार ओळखत नाही.”

मी म्हटलं, “साहेब, हा खोटं बोलतोय. दोन वर्षांचे कपडे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत.”

“कपड्यांची चौकशी चालू नाही, मामां,” अधिकारी म्हणाला, आणि कागद पुढे ओढला.

सुटका करताना कागद द्यावा लागतो. त्यानं तो लिहिला, शिक्का मारला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. चौकशीअंती असं आढळून आलं, की आनाक्ले बोसेंगे, धंदा इस्त्री, राहणार माटोंगे, हा इसम म्हणजे गाण्यात उल्लेख असलेला बोसेंगे नव्हे.

अकरा दिवसांत जे झालं नव्हतं ते त्या कागदानं केलं. बोसेंगे खाली बसला. शिपायानं उठवलं तरी त्याची नजर कागदावरून हलेना. मी आणि मादोनं दोन बाजूंनी धरून त्याला घरी आणलं. वाटेत एका टॅक्सीत तेच गाणं चालू होतं. टॅक्सीवाल्यानं आमच्याकडे बघून भोंगा वाजवला, गिऱ्हाईक समजून.

महिनाभर त्यानं इस्त्री हातात धरली नाही. मादोनं धरली. बायकांच्या रंगीत कापडांपासून सुरुवात केली, मग शर्ट, मग पँट. हात त्याच्याएवढा साफ नव्हता, पण ती दिलेल्या वेळेला कपडे द्यायची. पुढच्या गल्लीत गेलेली गिऱ्हाइकं परत आली. तिनं दुकानाला दार बसवलं, वर फळी लावली आणि तिच्यावर ‘मादो’ एवढंच लिहून घेतलं. नंतर बोसेंगे उठून कामाला लागला, तो तिच्या हाताखाली.

असं असताना एक दिवस सिफ्ले आला. लाज नावाची वस्तू त्याच्या घराण्यात कोणी पाहिली नव्हती. हातात निळा मखमली कोट. मादो नेमकी पोरींच्या शाळेत गेली होती. सिफ्ले म्हणाला, “याया, झालं गेलं नदीला मिळालं. संध्याकाळी कार्यक्रम आहे.” मी भिंतीशी जाऊन उभी राहिले. मखमलीवर इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की संपलं. मी मनात म्हणत होते, आनाक्ले, एक बाही. एक बाही जाळ, मी तुझे सगळे गुन्हे माफ करते, आजपासून तुला फुकट बिअर देते.

त्यानं कोट उलटा केला, आतून वाफ दिली, मऊ ब्रशनं मखमल उभी केली, हँगरला लावून दिला. सिफ्ले ‘देव भलं करो’ म्हणून गेला. मी भिंतीवर थुंकले. बोसेंगेच्या बाजूला.

“मामां,” तो म्हणाला, “कोटानं काय केलं होतं?”

मला ते उत्तर वाटलं नाही. आजही वाटत नाही.

दोन वर्षांनी मोपेपे फुटला. सिफ्ले युरोपात कार्यक्रमाला गेला तो तिकडेच राहिला. कोणी म्हणतं हॉटेलात भांडी घासतो. आता पोरं लागोसची आणि जोहान्सबर्गची गाणी फोनवर ऐकतात. त्यांत गिटारीही नाहीत, यंत्रच सगळं वाजवतं, आणि नावं घ्यायलाही कोणी थांबत नाही. मी त्यालाही नावं ठेवते, पण बिअर खपते.

बोसेंगे गेल्या वर्षी वारला. पोटाचं दुखणं होतं, तीन आठवडे अंथरुणावर होता. थोरली पोरगी तोवर दवाखान्यात नर्स झाली होती, तिनं सेवा केली. रेडिओवर बातमी द्यायची म्हणून मादो मला विचारायला आली. मी म्हटलं, साधी दे, नाव, गल्ली, धंदा. तिनं तशीच दिली. मांडव माझ्याच अंगणात घातला, तेवढी मोठी जागा गल्लीत दुसरी नाही. गर्दी चांगली झाली. चाळीस वर्षं ज्यांचे शर्ट त्यानं केले ती माणसं आली, आणि प्रत्येकजण कडक घडीचे कपडे घालून आला. मादोनं आदल्या दोन दिवसांत ते सगळे कपडे इस्त्री केले होते, मयत घरात असताना.

दुपारी एक अनोळखी मुलगा माझ्याकडे पाणी मागायला आला. मांडवाबाहेरच्या फलकावरचं नाव वाचून म्हणाला, “मामां, माझे बाबा एक जुनं गाणं लावायचे, त्यात एक बोसेंगे होता. ब्रुसेल्सचा. हे त्यांचे कोणी होते का?”

मादो माझ्या मागेच बसली होती, हातात पंखा घेऊन. मला माहीत होतं ती ऐकते आहे. सांगायला किती लागलं असतं? पण इतक्या वर्षांचा राग जिभेवरच होता.

“नाही,” मी म्हटलं. “नावात साम्य.”

मुलगा पाणी पिऊन गेला. मादोचा पंखा थांबला, मग पुन्हा चालू झाला. मयताचे दिवस संपल्यावर तिनं माझी सगळी भांडी घासून, पुसून, मोजून परत पाठवली, पोरीच्या हातानं. तेव्हापासून ती भिंतीशी येत नाही. माझे कपडे मी आता पुढच्या गल्लीत देते. तिथला माणूस कॉलर बिघडवतो.